बर्लिनच्या ज्यू सैनिकांच्या कबरी आणि स्मारके : नोंदणीच्या कामाची रोजनिशी

१८ फेब्रुवारी २०२४

पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढताना मरण पावलेल्या बर्लिनच्या ज्यू सैनिकांच्या कबरींची आणि स्मारकांची छायाचित्रे घ्यायची, दगडावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा आणि प्रत्येक नाव त्या काळच्या छापील नोंदींशी ताडून पाहायचे, असे हे काम आहे. त्या युद्धात जर्मन सैन्यात सुमारे १ लाख ज्यू होते आणि त्यांपैकी १२ हजारांच्या आसपास परतले नाहीत. इतर शहरांतही असे काम कोणी हाती घेणार असेल, तर आमचा कोठे वेळ गेला आणि कोणत्या पद्धतीने काम मार्गी लागले, हे त्यांना आधीच कळावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

सुरुवात वाइसेनझे येथील ज्यू दफनभूमीपासून केली आहे. ही दफनभूमी १८८० मध्ये सुरू झाली. तिचे क्षेत्र सुमारे ४२ हेक्टर आहे आणि तेथे १ लाख १५ हजारांहून अधिक कबरी आहेत. तिच्या आत महायुद्धातील सैनिकांसाठी राखलेले स्वतंत्र क्षेत्र आहे. त्याला ‘एरेनफेल्ड’, म्हणजे मानाचे क्षेत्र, असे म्हणतात आणि तेथे चारशेच्या आसपास सैनिक पुरलेले आहेत. त्याच्या टोकाला चुनखडीचा वेदीसारखा भव्य ठोकळा उभा असून त्यावर सिंह कोरलेला आहे. बर्लिनच्या ज्यू समाजाचे वास्तुविशारद अलेक्झांडर बेअर यांनी केलेले हे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. ज्या राष्ट्रासाठी पडलेल्या तरुणांचे स्मारक बेअर यांनी रचले, त्याच राष्ट्राने त्यांना तेरेझीनश्टाटच्या छावणीत पाठवले आणि १९४४ मध्ये त्यांचा तेथे अंत झाला. एरेनफेल्डवर काम करताना ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून ती आरंभीच नोंदवून ठेवते.

व्यवहाराच्या गोष्टी अशा : शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी दफनभूमी बंद असते, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना रविवारच हाताशी राहतो. पुरुषांनी डोके झाकणे आवश्यक आहे. स्वतःपुरते छायाचित्र घेणे आणि शेकडो कबरींची पद्धतशीर छायाचित्रे घेऊन ती प्रसिद्ध करणे यांत फरक आहे. यांतल्या दुसऱ्या कामासाठी लेखी परवानगी मागावी आणि ती हाती येईपर्यंत तिपाई घेऊन आत जाऊ नये. परवानगीच्या अर्जात दगडाला हात लावणार की नाही, पाणी वापरणार की नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण तोच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो.

३ मार्च २०२४

पहिल्या फेरीतील जवळजवळ सगळी छायाचित्रे बाद करावी लागली. आकाश ढगाळ होते आणि सपाट उजेडात शंभर वर्षांची झिजलेली अक्षरे दगडाच्या रंगात मिसळून जातात. डोळ्यांना जे वाचता आले, ते छायाचित्रात मुळीच उमटले नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावून पाहिला तर स्थिती आणखी वाईट झाली, कारण समोरून पडणारा उजेड अक्षरांच्या खाचांतली सावलीच पुसून टाकतो.

उपाय साधा निघाला. उजेड बाजूने आणि दगडाला जवळजवळ चिकटून, तिरपा पडला पाहिजे. बॅटरीवर चालणारा एक लांबट एलईडी दिवा सुमारे ४० युरोंना घेतला आणि तो दगडाच्या डाव्या कडेला धरून, नंतर वरच्या कडेला धरून, अशी प्रत्येक दगडाची निदान दोन छायाचित्रे घेण्याचा नियम केला. दोन्ही दिशा आवश्यक आहेत, कारण उभ्या रेघा डावीकडच्या उजेडात उठतात आणि आडव्या रेघा वरच्या उजेडात. ऊन असेल त्या दिवशी दिव्याऐवजी साधा आरसा पुरतो, फक्त तो धरायला दुसरा माणूस लागतो.

अक्षरे उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस दगडावर चोळण्याचे सल्ले पुष्कळ ठिकाणी दिलेले आढळतात. यांतले काहीही करू नये. हे पदार्थ चुनखडीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि नंतर निघत नाहीत. तारेचा ब्रश तर दगडाचा वरचा थरच काढून टाकतो. आम्ही फक्त मऊ केसांचा कुंचला वापरतो आणि तोही सुटी माती आणि पाने झाडण्यापुरताच.

१७ मार्च २०२४

आजचा बराच वेळ एकाच दगडापुढे गेला, पण तो सार्थकी लागला. जर्मन ओळींचा खालचा भाग झिजून गेला होता, मृत्यूचे वर्ष त्यातून लागत नव्हते आणि हिब्रू ओळच तेवढी शिल्लक होती. हिब्रूत वर्ष अक्षरांनी लिहितात आणि हजारांचा आकडा सहसा गाळतात. ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, आयिन म्हणजे ७० आणि शेवटी हे म्हणजे ५. मिळून ६७५, म्हणजेच ५६७५ हे वर्ष. त्यात १२४० मिळवले की १९१५ येते. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्यामुळे, वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना त्यातून एक वजा करावा लागतो. ५६७५ हे वर्ष २१ सप्टेंबर १९१४ रोजी सुरू झाले.

अडचण अशी होती की ‘हे’ आणि ‘खेत’ ही दोन अक्षरे एका बारीक फटीने वेगळी होतात. ‘हे’च्या डाव्या पायाच्या वर मोकळी जागा असते, तर ‘खेत’चा पाय वरच्या आडव्या रेघेला जोडलेला असतो. ‘खेत’ची किंमत ८ आहे. नेमक्या त्या फटीत दगडफूल वाढले होते, आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीचे, आणि त्यामुळे ५६७५ चे ५६७८ वाचले जात होते. म्हणजे युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात पडलेला माणूस शेवटच्या वर्षात जाऊन बसत होता. दगडफूल खरवडायचे नाही, हा नियम आम्ही पाळला. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून दिवा सगळ्या बाजूंनी फिरवत छायाचित्रांची मालिका घेतली आणि ती एकावर एक ठेवून पाहिली, तेव्हा फटीच्या दोन्ही कडा दगडफुलाखालूनही स्पष्ट दिसल्या. अक्षर ‘हे’च आहे.

त्याच चुनखडीचा दुसरा त्रास म्हणजे तिच्यात मुळातच शिंपल्यांची पोकळ छिद्रे असतात. जर्मन ‘ओ’ अक्षराच्या वर अशी दोन छिद्रे शेजारी आली की तो ‘ओ’ दोन टिंबांचा वाटतो आणि आडनावच बदलते. कोरलेल्या टिंबाचा तळ गुळगुळीत असतो आणि छिद्राची कड खडबडीत असते, हे तिरप्या उजेडात ओळखता येते.

ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून संध्याकाळी किंवा रात्री झालेल्या मृत्यूची हिब्रू तारीख जर्मन तारखेच्या एक दिवस पुढची असू शकते. एका दिवसाचा फरक दिसला तर कोणतीही तारीख ‘दुरुस्त’ करू नये. दोन्ही जशा कोरल्या आहेत तशा लिहाव्यात. अलिबाग, पनवेल किंवा ठाण्याच्या बेने इस्रायली दफनभूमींत मराठी आणि हिब्रू एकाच दगडावर पाहिलेल्यांना ही दोन पंचांगांची जोडी परकी वाटणार नाही.

७ एप्रिल २०२४

दगड वाचून झाले की छापील नोंदी उघडाव्या लागतात आणि बर्लिनच्या बाबतीत तेथे मोठे खिंडार आहे. बर्लिन ज्या राज्यात होते, त्या प्रशियाच्या सैन्याचे दप्तर पोट्सडाममध्ये होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्याचा फार मोठा भाग जळून गेला. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या सैनिकांच्या नोंदवह्या म्युनिकला आणि वुर्टेम्बर्ग राज्याच्या स्टुटगार्टला वाचल्या. बव्हेरियन वह्यांत तर धर्माचाही रकाना आहे. तेथे काम करणाऱ्याने त्या वह्यांपासूनच सुरुवात करावी. बर्लिनकराला ती सोय नाही.

आमच्या हाती दोन मुख्य साधने आहेत. पहिले म्हणजे ज्यू आघाडी-सैनिकांच्या राष्ट्रीय संघाने १९३२ मध्ये काढलेला स्मृतिग्रंथ. हा संघ कॅप्टन लेओ ल्योवेनश्टाइन यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये स्थापन झाला होता आणि ज्यूंनी युद्धात अंगचोरी केली, या आरोपाला नावानिशी उत्तर द्यावे, हा त्या ग्रंथाचा हेतू होता. त्यात गावांनुसार १० हजारांहून अधिक नावे आहेत. मृतांची एकूण संख्या १२ हजारांच्या घरात धरली जाते. याचा अर्थ ग्रंथात नाव नाही म्हणून माणूस युद्धात पडला नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरे साधन म्हणजे युद्धकाळात सरकारने छापलेल्या हताहतांच्या याद्या. त्यांची सुमारे ३१ हजार पाने असून जर्मनीतील संगणकीय वंशावळ संघाच्या स्वयंसेवकांनी त्यांतील नावांची शोधसूची तयार केली आहे. या याद्या वापरताना काही गोष्टी माहीत नसतील तर आठवडे वाया जातात. यादीत मृत्यूची तारीख नसते आणि यादीवरची तारीख छपाईची असते, जी मृत्यूनंतर कित्येक आठवड्यांची किंवा महिन्यांची असू शकते. धर्माचा उल्लेख नसतो. युद्धाच्या उत्तरार्धात तुकडीचे नाव छापणेही बंद झाले. मजकूर जुन्या फ्राक्टुर ठशात आहे, त्यात लांब ‘एस’ आणि ‘एफ’, तसेच मोठे ‘बी’ आणि ‘व्ही’ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून शोधसूचीत नाव न सापडल्यास या अक्षरांची अदलाबदल करून पुन्हा शोधावे. कोन हे आडनाव ‘सी’नेही लिहितात आणि ‘के’नेही, लेवी तर तीन-चार प्रकारे. एकाच नावाचे दोघे निघाले की दगडावरचे हिब्रू नाव उपयोगी पडते, कारण त्यात बापाचे नाव असते आणि समाजाच्या दफन-नोंदीशी ते जुळवता येते. वाइसेनझेची दफनाची दप्तरे युद्धातून वाचली, हे या कामाचे मोठेच भाग्य आहे.

१२ मे २०२४

एरेनफेल्डवर सगळे सैनिक असतील, ही अपेक्षा चुकीची ठरली. तेथे प्रामुख्याने बर्लिनच्या इस्पितळांत जखमांनी किंवा आजाराने मरण पावलेले आणि घरच्यांनी आणवून घेतलेले सैनिक आहेत. बहुसंख्य सैनिक जेथे पडले तेथेच, फ्रान्स, बेल्जियम, पोलंडच्या मातीत राहिले. मग घरच्यांनी काय केले? त्यांनी आईबापांच्या दगडावर मुलाचे नाव कोरले. मुलगा १९१५ मध्ये गेला, बाप पुढे काही वर्षांनी गेला आणि बापाच्या दगडावर खाली मुलाचे नाव, तुकडी आणि जागा लिहिली गेली.

ही नावे कोणत्याही दफन-नोंदीत सैनिक म्हणून येत नाहीत, कारण तेथे त्यांचे दफनच झालेले नाही. ती शोधण्याचा चालण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. वाइसेनझेची विभागणी अक्षर-अंकांच्या क्षेत्रांत केलेली आहे, म्हणून एक क्षेत्र, त्यातील एक ओळ, ओळीतला एक दगड, अशा क्रमाने आम्ही जात आहोत. फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून पाहिला; झाडांखाली तो कित्येक मीटर चुकतो आणि कबरी तर हातभर अंतरावर असतात. आता कागदावर हाताने ओळींचा आराखडा काढतो. तो हळू आहे, पण पुढच्या माणसाला त्याच दगडापाशी अचूक नेतो.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करायला हवे होते. मे लागला की वेलाची पालवी खालच्या ओळी झाकून टाकते आणि मुलाचे नाव नेमके खालच्याच ओळींत असते. वेल ओढून काढू नये, त्याची मुळे दगडाचे कपचे घेऊन येतात. पाने बाजूला धरून छायाचित्र घेता आले तर घ्यावे, नाहीतर ओळ ‘हिवाळ्यात पाहणे’ म्हणून सोडून द्यावी.

१६ जून २०२४

आडनावावरून धर्म ठरवू नये, हा नियम आज पुन्हा अधोरेखित केला. ज्यू वाटणारी आडनावे ख्रिस्ती घरांतही असतात, आणि ज्यू घरात जन्मलेले काहीजण ख्रिस्ती झालेले असतात. लढाऊ वैमानिक विल्हेल्म फ्रँकल हे ठळक उदाहरण आहे. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने २० विमाने पाडली आणि प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान ‘पूर ल मेरीत’ मिळवला; एप्रिल १९१७ मध्ये तो हवाई लढाईत पडला. तो ख्रिस्ती झालेला होता, म्हणून त्याची कबर शार्लोटेनबुर्गच्या लुईझेन दफनभूमीत आहे. नाझींनी धर्मांतराची पर्वा केली नाही, त्याचे नाव मानकऱ्यांच्या यादीतून पुसले. १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाने नोयबुर्ग येथील तळाच्या बराकींना त्याचे नाव दिले.

आमच्या तक्त्यात अशांना कोठे ठेवायचे, यावर बरीच चर्चा झाली. माझे मत असे की माणसाने स्वतः जो धर्म स्वीकारला तो आपण बदलू नये. नाझींनी जी गणना वंशावरून केली, तीच आपण सद्भावनेने पुन्हा करायची नाही. म्हणून फ्रँकलसारख्यांची नोंद वेगळ्या पानावर, ‘ज्यू कुटुंबात जन्म, ख्रिस्ती दफन’ अशा शीर्षकाखाली ठेवली आहे. वाइसेनझेच्या दप्तरात नाव नसलेल्या ज्यू सैनिकासाठी आणखी एक जागा पाहावी लागते : अदास यिस्रोएल या कर्मठ समाजाची स्वतःची दफनभूमी, जी वाइसेनझे भागातच पण वेगळ्या रस्त्यावर आहे.

२१ जुलै २०२४, आरास

उत्तर फ्रान्समधील आरास शहराजवळच्या न्यूव्हिल-सां-व्हास्त येथील जर्मन सैनिकी दफनभूमीत ४४ हजारांहून अधिक जर्मन सैनिक आहेत. बर्लिनहून येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा माणशी खर्च ३०० युरोंच्या पुढे गेला, तेव्हा घरी बसून पूर्ण तयारी केल्याशिवाय निघू नये. जर्मन युद्धकबर-निगा संघाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो आणि गट व कबर-क्रमांक मिळतो, परंतु पहिल्या महायुद्धातील बहुतेक नोंदींत जन्मतारीख नसते. म्हणून आधी १९३२ च्या ग्रंथातून नाव, तुकडी आणि मृत्यूची तारीख काढून घ्यावी आणि त्या तीन गोष्टी जुळल्या तरच नोंद आपल्या माणसाची धरावी.

येथे धातूच्या क्रूसांच्या रांगा आहेत आणि एकेका क्रूसावर पुढून-मागून मिळून चौघांची नावे आहेत. त्यांच्यामध्येच, वेगळ्या कोपऱ्यात नव्हे, ज्यू सैनिकांच्या दगडी शिळा उभ्या आहेत. प्रत्येक शिळा एकाच माणसाची, तिच्यावर सहा टोकांचा तारा, वर ‘येथे पुरला आहे’ या अर्थाची हिब्रू अक्षरे आणि खाली त्याच्या आत्म्याला जिवंतांच्या मेळ्यात स्थान मिळो, ही प्रार्थना. जो ज्या सोबत्यांच्या बरोबर पडला त्यांच्याच शेजारी तो आहे, हे पाहून मला फार बरे वाटले आणि तसे लिहायला संकोच वाटत नाही.

एक प्रकरण मात्र उघडे राहिले. स्मृतिग्रंथात असलेल्या एका माणसाचे नाव येथे क्रूसावर आहे. तुकडी आणि तारीख दोन्ही जुळतात. अशा वेळी स्वतःहून निष्कर्ष जाहीर करू नये. ग्रंथातील पानाची प्रत, हताहतांच्या यादीतील ओळ, क्रूसाचे छायाचित्र आणि बर्लिनमधील आईबापांच्या दगडावरची ओळ असा सगळा पुरावा एकत्र करून संबंधित संस्थेला पत्र पाठवले आहे. केवळ नाव जुळते म्हणून पत्र पाठवणे योग्य नव्हते. आईबापांचा दगड सापडल्यामुळेच ते पाठवता आले.

१५ सप्टेंबर २०२४

तक्त्याची रचना मुळापासून बदलली, आणि हा बदल पहिल्या दिवशीच करायला हवा होता, असे इतरांना आवर्जून सांगते. आधी एका माणसाला एक ओळ दिली होती. पण एकाच माणसाचे नाव एरेनफेल्डवर, आईच्या दगडावर आणि एखाद्या शाळेच्या किंवा कारखान्याच्या स्मारकफलकावर असू शकते. तीन ठिकाणी तीन वेगळी स्पेलिंगे आणि कधी दोन वेगळ्या तारखा असतात. एका ओळीत हे भरताना कोणती तरी एक ‘खरी’ ठरवावी लागते आणि उरलेल्या हरवतात. आता एका दगडाला एक ओळ आहे. ‘कोरलेले’ आणि ‘आमचे वाचन’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत आणि माणूस तिसऱ्या तक्त्यात क्रमांकाने जोडलेला आहे. जुन्या ओळी फोडून नव्या करण्यात उन्हाळ्याचा उत्तरार्ध गेला.

याच सुमारास, एकूण आकडा केव्हा जाहीर करणार, अशी विचारणा झाली. आम्ही तो अजून देणार नाही, आणि त्यामागचे कारण इतिहासात आहे. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी प्रशियाच्या युद्ध मंत्रालयाने सैन्यातील ज्यूंची गणना करण्याचा हुकूम काढला, १ नोव्हेंबर ही गणनेची तारीख ठरली आणि खंदकांत लढणाऱ्या माणसांना आपण आघाडीवर आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागले. निकाल युद्ध संपेपर्यंत जाहीर झाला नाही, आणि तो दडवल्यामुळे संशय अधिकच पसरला. या माणसांच्या बाबतीत अर्धवट आकडा किती नुकसान करतो, हे एकदा दिसून चुकले आहे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नाव ‘दगड पाहिला’, ‘छापील नोंद जुळली’, ‘दोन्ही’ किंवा ‘अनिर्णित’ यांपैकी एका खुणेसह जाईल आणि ‘अनिर्णित’ नावे कोणत्याही बेरजेत धरली जाणार नाहीत.

१७ नोव्हेंबर २०२४

आज जर्मनीचा राष्ट्रीय शोकदिन. दरवर्षी या सुमारास जर्मन सैन्य एरेनफेल्डवरील स्मारकापाशी पुष्पचक्र अर्पण करते. या रविवारी तेथे तिपाई लावून काम करणे उचित नाही, म्हणून दिवस घरच्या कामाला दिला.

शिल्लक कामे अशी आहेत. वेलामुळे सोडलेल्या ओळी पाने झडल्याबरोबर, म्हणजे डिसेंबरपासून, पुन्हा पाहायच्या. अदास यिस्रोएलच्या दफनभूमीसाठी स्वतंत्र परवानगीचा अर्ज करायचा. क्रूसाच्या प्रकरणावर उत्तर आलेले नाही. जानेवारीत स्मरणपत्र पाठवायचे. वाचून पूर्ण झालेल्या ओळी जर्मनीतील स्मारकनोंदी गोळा करणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाकडे पाठवायच्या आहेत. त्यासाठी मजकूर साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये आणि छायाचित्रे मूळ आकारात, क्षेत्र-ओळ-दगड या क्रमाने नावे देऊन ठेवली आहेत. छायाचित्राच्या नावात माणसाचे नाव घालू नये. वाचन पुढे बदलले तर फाइलचे नाव चुकीचे राहते, दगडाची जागा मात्र बदलत नाही.